बहिणीचे नाव कब्जेदार सदरी लागले तर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्त्री-पुरुष समानता आणि आर्थिक वाढ यांच्या नात्यावर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. समानता वाढली की आर्थिक वाढही होते, हे लेखातले म्हणणे पटते, पण तो सगळा आयटी कंपन्या, संचालक मंडळे आणि शहरातली पाळणाघरे यांच्याभोवतीच फिरतो. शिवाय नेहमीचे मोठमोठे आकडे आहेतच. २०१५ साली एका जागतिक सल्लागार कंपनीनेही असाच आकडा दिला होता: बायकांचा सहभाग वाढवला तर २०२५ पर्यंत भारताच्या जीडीपीत ७०० अब्ज डॉलरची भर पडू शकते. २०२५ येऊन गेले. हा पैसा कोणत्या वाटेने यायचा होता, हे मात्र सर्वसामान्य वाचकाला तेव्हाही कळले नव्हते आणि आजही कळत नाही.

ग्रामीण भागात काम करणाऱ्या दर चार बायकांपैकी तिघी शेतीत आहेत. त्यामुळे समानतेने वाढ होते की नाही, या प्रश्नाचे आपल्याकडचे उत्तर तलाठ्याच्या दप्तरात आहे. (आता 'ग्राम महसूल अधिकारी' म्हणायचे, पण गावात अजून तलाठीच चालते.) त्यातही सातबाऱ्याच्या एकाच रकान्यात, कब्जेदार सदरी, म्हणजे जिथे जमीनधारकाचे नाव लागते तिथे.

आधी एक गैरसमज. केंद्राच्या श्रमशक्ती पाहणीनुसार देशातल्या १५ वर्षांवरील बायकांचा श्रमशक्तीतला सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. सहा वर्षांत एवढी उडी म्हणून आनंद झाला. पण त्याच पाहणीत काम करणाऱ्या बायकांपैकी ३६.७ टक्के 'घरच्या उद्योगात मदतनीस' या वर्गात आहेत. म्हणजे घरच्या शेतात, गोठ्यात किंवा दुकानात राबणाऱ्या, ज्यांच्या हातात मजुरी पडत नाही अशा. दर तिघींमागे एकीहून जास्त. निंदणी, वेचणी, खुरपणी ती करते. विकलेल्या मालाची पट्टी मात्र खातेदाराच्या नावे निघते. दुसरीकडे २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या वहितीदारांत, म्हणजे जमीन ज्यांच्या ताब्यात आहे त्यांत, बायका जेमतेम १४ टक्के आणि त्यांच्या ताब्यातले क्षेत्र १२ टक्क्यांहूनही कमी. कामाचा रकाना आणि मालकीचा रकाना यांच्यातली ही तफावत नुसती अन्यायाची नाही, उत्पादनातल्या तोट्याची आहे. तोटा कसा होतो ते पाहू.

सातबाऱ्यावर नाव नसेल तर विकास सोसायटीत शेतकरी सभासद होता येत नाही. सभासद नाही म्हणून जिल्हा बँकेचे पीककर्ज नाही. साखर कारखान्याचा भाग नाही आणि उसाची नोंद स्वतःच्या नावे नाही. ठिबकचे ७५-८० टक्के अनुदान घ्यायचे तर अर्जाला सातबारा आणि आठ-अ, म्हणजे खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा, लागतो. एप्रिल २०२५ पासून राज्यातल्या कृषी योजनांना शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी सक्तीचा झाला आणि तो निघतो जमिनीच्या नोंदीवरून. आधी कागदावर जी बाई शेतकरी नव्हती, ती आता संगणकावरही नाही. ओळखीचा कृषी सहायक पूर्वी थोडे सांभाळून घेत असे. सर्व्हर सांभाळून घेत नाही.

पीककर्ज मिळत नाही तेव्हा ती कर्ज काढतच नाही असे नव्हे. ती मायक्रोफायनान्सकडे जाते. ५० हजारांचे उदाहरण घेऊ. किसान क्रेडिट कार्डावर वेळेत फेड केली तर व्याज ४ टक्के, म्हणजे वर्षाला २ हजार. महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख योजनेत वेळेवर फेडणाऱ्याला ३ लाखांपर्यंत तेही माफ. तेच ५० हजार मायक्रोफायनान्सकडून २४ टक्क्यांनी घेतले तर बारा मासिक हप्ते प्रत्येकी साधारण ४,७३० रुपयांचे. व्याज सुमारे ६,७०० रुपये, वर प्रक्रिया शुल्क आणि विमा. हा फरक कुणालाही दिसतो. खरा घात हप्त्याच्या तारखेत आहे. पीककर्ज हंगामानंतर एकदम फेडायचे असते. मायक्रोफायनान्सचा हप्ता दुसऱ्याच महिन्यापासून सुरू. जूनमध्ये लावलेल्या कपाशीची पहिली वेचणी दसऱ्याच्या आगेमागे. तोवर जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरचे हप्ते कुठून भरायचे? दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाऊन. मग स्वतःच्या शेतातली निंदणी आठ-पंधरा दिवस मागे पडते आणि युरियाचा दुसरा हप्ता अर्ध्यावर येतो किंवा राहूनच जातो. कपाशी कापूस देते, पण जेवढी द्यायला हवी तेवढी नाही. अर्थशास्त्रात याला संसाधनांची चुकीची वाटणी म्हणतात, गावात याला 'ओढाताण' म्हणतात.

दुसरा तोटा गैरहजर खातेदाराचा. खातेदार पुण्या-मुंबईत किंवा सुरतेला कामाला आणि शेत पाहते बायको, हे चित्र आता कोकणापुरते राहिलेले नाही. मराठवाडा-खानदेशातही तेच आहे. मार्चअखेर कर्जाचे 'नवे-जुने' करायचे, म्हणजे जुने फेडून नवे काढायचे, तर सही खातेदाराची. अतिवृष्टीचे अनुदान आले, यादीत आपल्या नावाचा विशिष्ट क्रमांक लागला, तर ई-केवायसीला अंगठा खातेदाराचा. सामाईक खाते असेल तर बाकीच्यांचे संमतीपत्र. शेतात काय पिकते हे जिला माहीत आहे तिचा अंगठा चालत नाही आणि ज्याचा चालतो तो रजा टाकून गावी येईपर्यंत पेरणीची वेळ निघून जाते. विहीर खोल करणे, बांधावर आंबा लावणे, दोन एकर डाळिंबाखाली आणणे यांसारखे चार-पाच वर्षांनी फळ देणारे निर्णय तर ती घेतच नाही. ज्या जमिनीतून उद्या दीर किंवा सासरा 'उठ' म्हणू शकतो, तिच्यात बाई पैसा गाडणार नाही. पुरुषही गाडणार नाही.

हा तोटा मोजला गेला आहे. बुर्किना फासोत एकाच कुटुंबात नवऱ्याचे आणि बायकोचे शेत वेगळे असते. ख्रिस्तोफर उड्री या अर्थशास्त्रज्ञाने १९९६ साली एकाच घरातल्या, एकाच वर्षी, एकच पीक असलेल्या अशा शेतांची तुलना केली. बायकांच्या तुकड्यांवर उत्पन्न कमी निघाले, आणि कारण साधे होते: शेणखत आणि मजूर आधी नवऱ्याच्या शेताकडे वळत. तेच खत आणि तेच हात दोघांच्या शेतांत नीट वाटले असते तर एकूण उत्पादन सुमारे ६ टक्क्यांनी वाढले असते. लक्षात घ्या, एक किलो खतही जास्त न घालता. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०११ साली विकसनशील देशांचा अंदाज केला: बायकांना पुरुषांइतकी साधने मिळाली तर त्यांच्या शेतातले उत्पन्न २० ते ३० टक्क्यांनी वाढू शकते आणि देशांचे एकूण शेती उत्पादन अडीच ते चार टक्क्यांनी. आपल्याकडे नवरा-बायकोचे शेत वेगळे नसते, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे इथे लावू नयेत. पण खत, पाणी आणि पत कुणाच्या नावाकडे वळते, हा प्रश्न इथेही तोच आहे.

आता कायदा. कायद्याच्या बाबतीत महाराष्ट्र केंद्राच्या पुढे होता. मुलीला जन्मतः सहदायाद हक्क, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा, देणारी हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती आपल्याकडे २२ जून १९९४ पासून लागू झाली. मात्र त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ची. तिने ते वगळणेही काढून टाकले आणि शेतजमिनीला वेगळा न्याय देणारे कलमही काढले. वडील त्या तारखेला हयात असायला हवेत का, यावर बरीच वर्षे गोंधळ होता. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात 'गरज नाही' असे सांगून तो मिटवला.

फरक किती पडला, हे पुष्कळांना नेमके ठाऊक नसते. वडिलोपार्जित ८ एकर, म्हणजे ३२० गुंठे जमीन धरा. वडील वारले, मागे आई, दोन मुलगे, एक मुलगी, आजी हयात नाही. जुन्या नियमाने आधी वडील, आई आणि दोन मुलगे असे चार हिस्से प्रत्येकी ८० गुंठ्यांचे पडत आणि वडिलांच्या ८० गुंठ्यांचे पुन्हा चार वारसांत चार भाग. मुलीच्या वाट्याला २० गुंठे, भावाच्या वाट्याला १००. आज मुलगी धरून आधी पाच हिस्से, प्रत्येकी ६४ गुंठ्यांचे. मग वडिलांच्या ६४ मधले प्रत्येकाला १६. सगळ्यांना ८० गुंठे. अर्ध्या एकराचे दोन एकर झाले. ही बेरीज गावच्या चावडीत फळ्यावर लिहून ठेवण्यासारखी आहे. एक जोड: जमीन वडिलांनी स्वतः कमावलेली असेल आणि मृत्युपत्र नसेल तर सरळ चार समान भाग, आजी हयात असेल तर पाच. आजी ही प्रथम वर्गातली वारस आहे, हे वारस लावताना निम्म्या घरांच्या ध्यानातच नसते.

१९९४ च्या बदलाचा परिणाम अभ्यासकांनी महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या ग्रामीण कुटुंबांत तपासला. ज्या घरांत वडील दुरुस्तीनंतर वारले तिथे मुलींना जमीन मिळण्याचे प्रमाण स्पष्ट वाढले होते. मुलींचे शिक्षणही वाढलेले दिसले. पण भावांची बरोबरी झाली नाही. कायदा पोचतो आणि नाव पोचत नाही, अशी मधली जागा तिथे आहे. ती जागा महसुली दप्तरात बोट ठेवून दाखवता येते.

पहिली गळती वारस नोंदीच्या शपथपत्रात. मृत्यूनंतर तीन महिन्यांत वारसांनी तलाठ्याला कळवायचे असते. सोबत मृत्यू दाखला, आठ-अ, रेशनकार्ड आणि सगळ्या वारसांची नावे, वय, नाते, पत्ता लिहिलेले शपथपत्र. लग्न झालेल्या मुलीचे नाव रेशनकार्डावरून केव्हाच कमी झालेले असते. कार्ड बघूनच शपथपत्र तयार झाले तर तिचे नाव आपोआप गळते. मुद्दाम गाळणारेही आहेत, पण असे आपोआप गळणे जास्त धोक्याचे, कारण त्यात कुणाला अपराधी वाटत नाही. रेशनकार्ड हा शिधेचा कागद आहे, वंशावळीचा नव्हे. गाव नमुना ६-क मध्ये वारसांची चौकशी नोंदवताना कार्डाच्या जागी वंशावळ मागितली, आणि 'मयतास मुली किती व कोठे दिल्या' हा प्रश्न लेखी विचारला, तर ही गळती निम्म्याने थांबेल.

दुसरी गळती नोटिशीत. फेरफार, म्हणजे नोंदीतला बदल, धरला की हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीला १५ दिवस मिळतात. नोटीस माहेरच्या पत्त्यावर जाते. तिथे सही कोण करतो हे सांगायला नको. मंडळ अधिकाऱ्याने फेरफार प्रमाणित केल्यावर अपील उपविभागीय अधिकाऱ्याकडे ६० दिवसांत करायचे असते आणि लेकीला हे कळते दोन-चार वर्षांनी, जमीन रस्त्यात गेली आणि मोबदल्याची यादी लागली म्हणजे. विलंब माफीचा अर्ज करता येतो. पण तोवर वकील, तारखा आणि माहेरचे बंद झालेले दार.

तिसरी गळती सर्वांत मोठी आणि पूर्ण कायदेशीर: हक्कसोडपत्र. वारस नोंद झाली, बहिणींची नावे लागली, आणि त्याच महिन्यात सगळ्या बहिणी दुय्यम निबंधकासमोर. रक्ताच्या नात्यातल्या हक्कसोडीचे मुद्रांक शुल्क नाममात्र असल्यामुळे हा सगळ्यात स्वस्त दस्त आहे. बदल्यात साडीचोळी, आणि दिवाळीला माहेर चालू राहील एवढे आश्वासन. दस्तात 'स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता' हे ठरलेले वाक्य असते. इथे दोन गोष्टी बहिणींना ठाऊक असायला हव्यात. साध्या स्टँपवर नोटरीसमोर केलेले हक्कसोडपत्र चालत नाही. नोंदणी लागतेच, आणि तलाठ्यापुढचा 'मला हिस्सा नको' एवढा जबाब हक्कसोड होत नाही. तसेच नोंदणी झाल्यावर मन बदलले म्हणून ते मागे घेता येत नाही. फसवणूक वा दडपण सिद्ध करायला दिवाणी दावा लागतो.

जाता जाता एक हिशेब. सरकार लाडक्या बहिणीला महिन्याला १,५०० म्हणजे वर्षाला १८ हजार देते. वरच्या उदाहरणातल्या बहिणीने सोडलेली दोन एकर जमीन एकरी १० लाखांची धरली तर ती २० लाखांची होते. एवढी रक्कम सरकारी हप्त्याने जमायला १११ वर्षे लागतील. भाऊ ती एका सकाळीत घेतो, आणि तोही बहिणीला लाडकीच म्हणतो.

चौथी गळती रकान्याची. विशेषतः जुन्या नोंदींत विधवा आणि मुलींची नावे कब्जेदार सदरी न लावता 'इतर हक्कात' लावलेली आढळतात. बाईला वाटते नाव आहे. बँकेला इतर हक्कातल्या नावावर कर्ज देता येत नाही आणि आठ-अ वर ते नाव येतच नाही. आपले नाव खरोखर लागले आहे का, हे सातबाऱ्यापेक्षा आठ-अ वर पटकन कळते. (ग्रामपंचायतीचा नमुना आठ वेगळा, तो घराचा. दोन्हीत गल्लत होते.) आणि पाचवी, जुन्या घरांत हमखास सापडणारी: 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर हा शेरा. थोरल्या भावाचे एकट्याचे नाव, पुढे ही तीन अक्षरे, आणि बाकीचे सगळे वारस कुठल्यातरी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या फेरफारात झाकलेले. थोरला वारला की त्याच्याच मुलांची वारस नोंद होते आणि बाकीच्यांचा, त्यातही बहिणींचा, मागमूस राहत नाही. हा शेरा कमी करून सर्वांची नावे लावण्याचा अर्ज 'ई-हक्क' प्रणालीत घरबसल्या करता येतो. जुना फेरफार क्रमांक मात्र शोधून जोडावा लागतो. २०२५ मधल्या 'जिवंत सातबारा' मोहिमेत मयतांची नावे कमी करून वारस लावले गेले, ही चांगली गोष्ट झाली. पण त्यात किती लेकींची नावे लागली आणि त्यांपैकी किती पुढच्या सहा महिन्यांत हक्कसोडीने उडाली, हे कुणी जाहीर केलेले नाही.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो: मुलींना वाटा दिला तर जमिनीचे तुकडे होतील, शेती परवडणार नाही आणि वाढ खुंटेल. महाराष्ट्रात सरासरी धारण क्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते, २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आले. या ४५ वर्षांत लेकींना जमीन दिली कुणी? हे तुकडे भावाभावांनी पाडले आहेत. तुकड्याचे दुखणे खरे आहे, तुकडेबंदीचा कायदा त्यासाठीच १९४७ पासून आहे. पण हिस्सा असणे आणि बांध घालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहिणीचा हिस्सा कागदावर ठेवून शेत एकाने कसायचे आणि तिला खंड, म्हणजे जमिनीचे भाडे, द्यायचा, किंवा भावाने बाजारभावाने तो विकत घ्यायचा, यात बांधही पडत नाही आणि हक्कही बुडत नाही. विकत घेण्याची गोष्ट निघाली की मग 'तुकडे' हा मुद्दा मागे पडतो, असे दिसते.

पण भावांची एक अडचण खरी आहे, आणि समानतेवर लिहिणारे ती मान्य करत नाहीत म्हणून गावात त्यांचे कुणी ऐकत नाही. सामाईक खात्यावर कर्ज काढायचे तर बँक सगळ्या सहधारकांच्या सह्या मागते. तीन बहिणी तीन गावांत दिलेल्या, एक परराज्यात. खरिपाच्या तोंडावर कुणाकुणाला बोलवायचे? अनेक भाऊ लोभापेक्षा या कटकटीला कंटाळून हक्कसोड मागतात. त्यावरचा इलाज नाव काढणे हा नाही, क्षेत्र वेगळे दाखवणे हा आहे. सातबाऱ्यावर प्रत्येक नावापुढे स्वतंत्र क्षेत्र लागले की ज्याने-त्याने आपल्या क्षेत्रापुरते कर्ज काढावे. त्यासाठी संमतीचे वाटप, महसूल संहितेच्या कलम ८५ खाली, तहसीलदारांकडे करून घ्यावे. शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी राज्याने २०२५ मध्ये माफ केली आहे, ही सवलत अजून पुष्कळांच्या कानावर नाही. वाटप करताना प्रत्येकाच्या वाट्याला २०२३ च्या प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा कमी येत नाही ना, म्हणजे जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठे, हे आधी पाहावे. आणि विहीर, बोअर, रस्ता सामाईक ठेवल्याचे दस्तात स्पष्ट लिहावे. नाहीतर क्षेत्र बहिणीचे आणि पाणी भावाचे, असा सातबारा तयार होतो. अशी जमीन बहीण कसू शकत नाही, आणि मग 'बघा, बायकांना शेती जमत नाही' म्हणायला सगळे मोकळे.

एक जुना कागद पुन्हा दाखवला जातो, त्यापासूनही सावध राहावे. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटणीला केंद्राच्या दुरुस्तीतून संरक्षण आहे, पण ती वाटणी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली हवी. पिवळ्या पडलेल्या कागदावरचे 'कच्चे वाटणीपत्र' आणि 'तोंडी वाटप आधीच झाले होते' ही सबब न्यायालय सहसा मानत नाही; त्या काळातला ठोस सरकारी कागद असेल तरच विचार होतो.

हे झाले लेकीचे. सुनेचे काय? नवरा हयात असताना तिला त्याच्या जमिनीत नाव नसते आणि राबते तर तीच. शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर हा प्रश्न लावून धरला आणि 'लक्ष्मी मुक्ती'तून नवऱ्यांनी आपल्या हाताने बायकोच्या नावे जमीन करावी, असा कार्यक्रम दिला. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरचे नाव त्यात पुढे आले. १९९२ मध्ये सरकारने परिपत्रक काढून, नवऱ्याने स्वतः अर्ज केल्यास बायकोचे नाव सहधारक म्हणून लावायची सोय केली. ती आजही आहे. अर्ज साध्या कागदावर करायचा आहे. अडते ते दोन ठिकाणी. जमीन वडिलोपार्जित व सामाईक असेल तर नवरा आपल्या हिश्शापुरतेच नाव लावू शकतो, म्हणून आधी वाटप. आणि सातबारा हा हक्काचा पुरावा म्हणून ग्राह्य असला तरी तो मालकीचा दस्त नव्हे. पक्के काम हवे असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्र करावे, पत्नीला शेतजमीन बक्षीस देताना मुद्रांक शुल्कात मोठी सवलत आहे. वनहक्क कायद्याने २००६ साली हाच प्रश्न एका ओळीत सोडवला: विवाहित दावेदाराचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे. गडचिरोली-नंदुरबारच्या पाड्यावर जे सक्तीचे आहे ते बारामती-कोपरगावला ऐच्छिक का, याचे उत्तर कुणी द्यावे.

नवरा गेल्यावरचे चित्र आणखी वाईट. 'मकाम' या महिला शेतकऱ्यांच्या मंचाने मराठवाडा-विदर्भातल्या शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या ५०५ विधवांची पाहणी केली तेव्हा ४० टक्के जणींच्या नावे, त्या कसत असलेली जमीन झालेलीच नव्हती. कर्जाचे ओझे अंगावर आले, जमीन आली नाही.

नाव लागले की सगळे सुरळीत होते असेही समजू नये. कमाल जमीन धारणा कायद्यापासून वाचण्यासाठी बायको-मुलींच्या नावे जमिनी दाखवणारी घराणी आपल्याकडे होऊन गेली. त्या बायकांनी शेत कधी पाहिले नव्हते. आजचे नवे रूप म्हणजे मोबाइल. आधारला नंबर नवऱ्याचा, म्हणून फार्मर आयडी बाईचा आणि ओटीपी त्याच्या खिशात. बँकेचे पासबुक तिचे आणि एटीएम कार्ड त्याच्याकडे. नाव, नंबर, खाते हे तीन एकाच हातात आले तरच पत तिच्या निर्णयाने वापरली जाते. नाव लागल्यावर पहिले काम आधारचा मोबाइल नंबर बदलणे हे असावे. मग वैयक्तिक बचत खाते, मग सोसायटीचे सभासदत्व, मग पीककर्जाचा अर्ज. या क्रमात उलटापालट केली की बाई अर्ध्या रस्त्यातून परत येते.

सरकारला तीन सूचना. पहिली, वारस नोंदीनंतर किमान एक वर्ष बहिणींचे विनामोबदला हक्कसोडपत्र नोंदवले जाऊ नये आणि नोंदवताना रेडीरेकनरप्रमाणे, म्हणजे सरकारी दराने, सोडलेल्या हिश्शाची किंमत दस्तात ठळक अक्षरात लिहून बाईला वाचून दाखवावी. किंमत ऐकून सही करणे वेगळे. दुसरी, घर बाईच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात मिळणारी एक टक्क्याची सवलत आपल्याकडे निवासी मिळकतीपुरती आहे; ती शेतजमिनीलाही लावावी. नेपाळने बायकांच्या नावे होणाऱ्या जमीन नोंदणीवर सूट दिली. तिथे २००१ च्या जनगणनेत सुमारे ११ टक्के घरांत बाईच्या नावे मालमत्ता होती, ती घरे २०११ मध्ये २० टक्क्यांच्या जवळ गेली. सगळे श्रेय सवलतीचे नसेल, पण नेपाळ आपल्यापेक्षा श्रीमंत आहे असे तर कुणी म्हणणार नाही.

तिसरी सूचना बिनखर्चाची. फार्मर आयडी आधारशी जोडलेला असल्यामुळे खातेदार स्त्री की पुरुष, हे सरकारच्या संगणकात आजच आहे. प्रत्येक तालुक्यात कब्जेदार सदरी बायका किती, त्यांच्या नावे क्षेत्र किती आणि त्यांना दिलेले पीककर्ज किती, हे तीन आकडे दर वर्षी ३१ मार्चच्या स्थितीप्रमाणे तहसील कार्यालयाच्या फलकावर आणि आपल्यासारख्या वृत्तपत्रांच्या जिल्हा आवृत्तीत छापले जावेत. पावसाचे आकडे आपण रोज छापता, त्याच चौकटीशेजारी जागा पुरेल.

आपले,
महसूल व सहकारी बँकेतील काही निवृत्त कर्मचारी,
जि. सातारा